पंधरा सेकंद टिकणारा गुलाबी

नाही, नाही, दोन्ही छानच आहेत — पण मनाली मॅडम, एकच कव्हर दोनदा छापून आणायचं आणि 'सर, यातलं एक निवडा' म्हणायचं, याचा अर्थ काय? अहो, सारखीच तर आहेत! मधे माझा फोटो, खाली पेरूची फांदी, वर ठळक 'गौरवग्रंथ' — आता हसलात का? नाही हसलात? मग ओठ का मुडपलेत? बसा, उठू नका, चहा येतोय. फोन तेवढा पालथा ठेवा — नको, पालथा नको, सरळच ठेवा, मला दिसू दे काय चालू आहे त्यात. बत्तीस वर्षं फळं-भाज्यांचं जीवरसायन शिकवलंय मी या नाशकात, माल आतून बिघडायला लागला की मला वरून कळतं. खरं सांगा, हर्षलनं पाठवलं ना तुम्हाला?

अच्छा. रंग वेगळे आहेत म्हणता. एक राखाडी, एक फिकट गुलाबी. आणि जगातले बाकीचे रंग काय संपले होते? निळा नव्हता? पिवळा नव्हता? नेमके हेच दोन! प्रेसवाल्यानं दिले — हो, प्रेसवाल्यानंच दिले असणार, तुम्ही कशाला मुद्दाम काही कराल. मला दिसतोय हो फरक. इथं उजेड कमी आहे, म्हणून जरा... ट्यूब लावलेली आहे? असू दे.

हर्षल माझाच विद्यार्थी, आज तुमच्या विभागाचा प्रमुख झालाय, मला आनंदच आहे. पण गेल्या वर्षी त्यानं माझा पेरूचा प्रयोग पुन्हा करून बघितला, मला न विचारता. थंडीत ठेवलेल्या पेरूत आठव्या दिवसापासून क जीवनसत्त्व वाढतं, हा माझा निष्कर्ष, पुस्तकात आहे, मुलं पाठ करतात — आणि याला म्हणे वाढ सापडेना. मी म्हटलं, तुझ्या शीतगृहात दोष असेल.   आणि मग त्यानं स्टोअरमधून माझ्या जुन्या वह्या काढवल्या, हे मला कळलं नाही असं वाटतं का त्याला? तुम्ही पाहिल्यात ना त्या? नाही? आकड्यांपुढची पेन्सिलीची टिंबं नाही पाहिलीत?

काही विशेष नाही त्यात. ती टिंबं सहादूची. घोटीकडचा, आमच्या लॅबचा शिपाई. ती पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे — खाली फ्लास्कमधे पेरूचा रस, वर ब्युरेटच्या नळीत निळा रंग, थेंबाथेंबानं सोडायचा. जीवनसत्त्व आहे तोवर रंग नाहीसा होतो, ते संपलं की फिकट गुलाबी येतो आणि पंधरा सेकंद टिकतो. तिथं थांबायचं. जितका रंग लागला तितकं जीवनसत्त्व. तर सहादू शेजारी उभा राहून म्हणायचा, "आला, सर." मी ब्युरेट बंद करायचो, आकडा लिहायचो, तो टिंब द्यायचा. अकरा वर्षं — "आला, सर." का म्हणायचा? मी कधी सांगितलं नव्हतं हो त्याला. एकदा मी पिकलेले म्हणून कच्चे टोमॅटो निवडून ठेवले होते, त्यानं मुकाट्यानं क्रेट बदललं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारी उभा राहायला लागला. एवढंच. माझे मोजेसुद्धा आमच्या सौभाग्यवती सुमनबाई जोडी लावून ठेवतात, पण ते सगळ्याच बायका करतात.

मग त्याच्या मुलीचं, मैनाचं लग्न निघालं, आठ दिवस सुट्टी. प्रयोगाचा आठवा दिवस ते पंधरावा, नेमके तेच. दुसऱ्या कुणाला शेजारी उभं करायचं, तर कशाला ते सांगावं लागलं असतं. मी एकट्यानं केलं. त्या आठ दिवसांच्या आकड्यांपुढं टिंब नाही. मला दिसेपर्यंत सोडत राहिलो — आणि मला दिसतं तोवर... आकडे वाढले. शपथेवर सांगतो, तेव्हा मला खरंच वाटलं की पेरूतच वाढतंय! किती आनंद झाला होता मला. सहादू लग्नाचे लाडू घेऊन आला, शेवटचा फ्लास्क अजून धुतलेला नव्हता, तो उचलून बघितला आणि म्हणाला, "सर, हे लय पुढं गेलंय. हे गुलाबी नाय, लाल हाय." मी म्हटलं, तू कितवी शिकलास? पुढच्या महिन्यात त्याची रोपवाटिकेत बदली झाली, पिशव्यांत माती भरायला. निवृत्तीपर्यंत तिथंच होता. झाली काय — मीच केली, सही माझी आहे. तोवर शोधनिबंध छापायला गेला होता. आणि त्यानंतर मी ब्युरेटला हात लावला नाही, विद्यार्थ्यांकडून करून घेतलं. पेरूला तर कुणाला हातच लावू दिला नाही.

आता सांगा हर्षलला. जा, सांगा!... काय? कव्हरसाठीच आला होतात? आणि वह्या?... प्रदर्शनात मांडायच्यात, तुमच्या सत्काराच्या दिवशी — म्हणजे माझ्या. आणि ग्रंथात पहिला लेख हर्षलचा. दाखवा. चष्मा द्या तो... 'आकडा जसा आला तसाच लिहायचा, हे मला सरांनी शिकवलं.'

घ्या परत. चहा राहू द्या, निघा तुम्ही, उशीर होतोय तुम्हाला. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. वह्या मांडू नका म्हणावं, वाळवी लागलीय. आणि थांबा — यातलं गुलाबी कुठलं?... डाव्या हाताचं. नक्की?

मग दुसरं छापा. आणि जाताना दार ओढून घ्या.