कपितानसमोरची पाटी

...नाही, पण तुम्हीच सांगा, एका पाटीनं बिघडून बिघडून किती बिघडावं? मी फक्त एक पाटी लावली होती. तिकीट वाढवलं नव्हतं, कुणाच्या म्हातारीला दारातून परत पाठवलं नव्हतं... पाटी! होडी बांधायची चांगली जाड फळी, तिला पांढरा रंग, वर निळी अक्षरं, आणि अक्षरंसुद्धा माझ्या हातची, कारण नॉर्वेत सहा वर्षं मासे शिकून माणूस परत आला की त्याला वाटतं, आपल्या गावात बाकी सगळं आहे, एका नीटनेटक्या पाटीची तेवढी उणीव आहे. काय लिहिलं होतं पाटीवर? 'कृपया टाक्यांसमोर माशांच्या चवीची चर्चा करू नये.' बस. आणि 'कृपया' लिहिलं होतं हो, 'कृपया' विसरले नव्हते मी.

आता तुम्ही विचाराल, मत्स्यालयात चवीची चर्चा कोण करतं? आमच्या पनाय बेटावर सगळं गाव करतं! तुम्हाला सांगते, तिकडचं बर्गनचं मत्स्यालय, मी त्याला नावं ठेवणार नाही, माझा जीव आहे त्याच्यावर. काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे जातायत, निळा उजेड, आणि लोक कसे, तर देवळात आल्यासारखे. लोकरीची टोपी घातलेलं एक पोर कुजबुजतं, "बाबा, बांगडा." बाबा कुजबुजतो, "हो बाळ, उत्तर अटलांटिकमधला." संपलं. पुढची काच. सील होते, पेंग्विन होते, मी दर रविवारी जायची आणि पेंग्विनांसमोर डोळ्यांत पाणी आणून उभी राहायची, घरची आठवण येऊन. पेंग्विनांना बघून उष्ण देशातलं घर का आठवावं, मला विचारू नका.

आणि आमचं? धक्क्यावरचा जुना बर्फाचा कारखाना. बर्फ गेला, गारवा राहिला, त्यात चौदा टाक्या. रविवारी चर्चमधून सुटलं की गाव थेट आत. आजी, आत्या, भाताचे डबे, तान्ही पोरं, आणि पहिल्या टाकीपासून सुरू... "नानाय, बांगडा!" पोर आईला हाक मारतं. "कुठंय? अगं बाई, केवढा भरलाय गं हा, याला नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर." "निखाऱ्यावर नको, व्हिनेगरमध्ये आटव." "तुझ्या सासूनं आटवलेला खाल्लाय मी, चप्पल बरी." आणि बोट कुणी दाखवत नाही, आमच्यात ओठ पुढे काढून दाखवतात, म्हणजे काचेच्या अलीकडे वीस माणसं ओठ काढून उभी आणि पलीकडे वीस मासे ओठ काढून. बघण्यासारखं असतं हो! चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांसमोर पोरं तासभर बसतात, समुद्रघोड्यासमोर गरोदर बाया थांबतात कारण तिथे पिल्लं नराच्या पोटात असतात, आणि त्या आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसतात, "बघ, शिक काहीतरी."

आणि शेवटची टाकी कपितानची. कपितान म्हणजे आमचा हेकरू मासा, पाच वर्षांच्या पोराएवढा, सतरा वर्षं झाली इथे. नाव कपितान अशासाठी, की आमच्याकडे गावच्या मुख्याला कपितान म्हणतात आणि गेल्या सतरा वर्षांत जो जो मुख्य झाला त्याचा खालचा ओठ अस्साच होता. त्या ओठामुळे कपितान सतत काहीतरी दाखवतोय असं वाटतं. लोक वळून बघतात, तर तिकडे संडास. कुणी विचारलं संडास कुठंय, तर टाक्या सांभाळणारे मनोंग इल्योंग, मनोंग म्हणजे दादा, तोंड उघडत नाहीत, म्हणतात, "कपितानला विचारा." मी सात वर्षांची असताना त्या काचेला कपाळ लावून उभी होते, तो आला, माझ्या कपाळासमोर थांबला, आणि मी ठरवलं, आपण माशांसाठी काम करायचं. शिष्यवृत्तीच्या अर्जातलं पहिलं वाक्य त्याच्यावर होतं. त्याच्यासाठी परत आले मी. अशा माशाकडे बघून कुणी "बातवानची आंबट फळं टाकून कालवण झकास होईल" म्हणालं, तर तुम्ही काय कराल?

म्हणून पाटी. मनोंग इल्योंगना मी समजावून सांगितलं. तीस वर्षं मासेमारी केलेला माणूस, पटेल त्यांना असं वाटलं. म्हटलं, "मनोंग, आपण या जिवांकडे जेवण म्हणून बघतो, शेजारी म्हणून बघत नाही." त्यांनी पाटी उलटसुलट बघितली, फळीवर टकटक केली, म्हणाले, "इंदाय, फळी चांगली आहे." इंदाय म्हणजे पोरी, मला सगळं गाव इंदायच म्हणतं, पदवी घेऊन आले तरी. म्हटलं, "फळीचं सोडा, विचार कसा आहे?" म्हणाले, "शेजाऱ्यांकडेही लोक तसंच बघतात, फक्त त्यांना कापता येत नाही. पण फळी चांगली आहे."

लावली. आणि तुम्हाला सांगते, आमच्या लोकांचं एक वाईट आहे, ते ऐकतात. भांडले असते तर बरं झालं असतं! पहिल्या रविवारी आत आले, पाटी वाचली, आणि गप्प. बांगड्यासमोर गप्प, वामेसमोर गप्प. लॅटिन नावं येत नाहीत, मग बोलायचं काय? चौदा टाक्या चार मिनिटांत संपल्या. एक आजोबा जाताना मला म्हणाले, "छान आहेत हो सगळे," जसं मयताला गेल्यावर म्हणतात. आणि मी? मी खूश. काय शांतता, अगदी बर्गन! पुढच्या रविवारी निम्मे आले. त्याच्या पुढच्या रविवारी तीन कुटुंबं, त्यातलं एक संडासासाठी. मी फक्त एक पाटी लावली होती.

पण एक बाई रोज यायची. मनांग पुरिंग. मनांग म्हणजे ताई. बाजारात मासे विकतात, दुपारी टोपली रिकामी झाली की इथे येऊन गारव्याला बसतात, म्हणतात, "इथले मासे मला ओरडून विकावे लागत नाहीत." तिसऱ्या रविवारनंतर त्या कपितानसमोर येऊन उभ्या राहायला लागल्या, मी दिसले की ओठ पुढे काढायच्या, आणि गप्प. सोमवारी ओठ पुढे. मंगळवारी ओठ आणखी पुढे. मी म्हटलं, रुसल्या. जवळ जाऊन म्हटलं, "मनांग, पाटी तुम्हाला उद्देशून नाही हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे ओठ काढले, परत माझ्याकडे, परत ओठ. मी म्हटलं, फारच रुसल्या, केळ्याची भजी आणून दिली. त्यांनी भजी खाल्ली आणि ओठ काढले.

आता हसा. पनायच्या पोरीला ओठांचं दाखवणं कळेना! पण त्याला कारण आहे. नॉर्वेत पहिल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर मला मीठ हवं होतं, म्हणून समोरच्या मुलाला ओठांनी मीठ दाखवलं, तर तो कानापर्यंत लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन आला. त्यानंतर मी ती सवय अशी मोडली, अशी मोडली, की दुसऱ्यानं केलेलंही दिसेना.

आणि बुधवारी कपितान जेवला नाही. गुरुवारी तळाशी, एका अंगावर कललेला. तो ओठ, सतरा वर्षं संडास दाखवणारा ओठ, खाली वाळूकडे. मी पाणी तपासलं. माझ्याकडे खारटपणा मोजायचं यंत्र आहे, नॉर्वेहून आणलेलं, त्याचा आकडा मी रोज वहीत लिहिते. तोच आकडा. नऊ दिवस अगदी तोच, दशांशसुद्धा हलला नाही, आणि मी वहीत शेजारी लिहिलं होतं, 'पाणी उत्कृष्ट स्थिर.' तपमान ठीक, पंप ठीक. माझ्या नॉर्वेतल्या प्राध्यापकबाईंना ईमेल केली, उत्तर आलं, वय झालं असेल. वय! हेकरू चाळीस वर्षं काढतो. शनिवारी दुपारी मी टाकीसमोर जमिनीवर बसले आणि रडायला लागले, सात वर्षांची असल्यासारखं काचेला कपाळ लावून, आणि तो आला नाही.

मनांग पुरिंग बाजूला उभ्या. ओठ काढून. मनोंग इल्योंग बादली घेऊन आले, त्यांनी मनांगकडे बघितलं, आणि म्हणाले, "पुरिंग, बोल की."

मनांगनी ओठांनी पाटी दाखवली.

"पाटी राहू दे. बोल."

"तिनं लिहिलंय. शिकलेली आहे ती. उगाच आपण बोलायचं आणि तिला लाज आणायची."

मी म्हटलं, "मनांग, बोला. काय वाटेल ते बोला."

आणि तुम्हाला सांगते, धरण फुटलं. "अगं इंदाय, सोमवारपासून सांगतेय! हा मासा मी गिऱ्हाइकाला फुकट देणार नाही, मांजरीलाही देणार नाही. डोळा बघ, मेणासारखा. कल्ले बघ, लाल कुठंय? चहाच्या चोथ्याचा रंग आहे तो. पंधरा दिवसांपूर्वी याच्याकडे बघून मला बातवान आठवायचं, आलं आठवायचं, तोंडाला पाणी सुटायचं. सोमवारी आले, काही आठवेना! तेव्हाच कळलं, हा आजारी आहे. पण सांगू कशी? मला दुसऱ्या भाषेत मासा सांगता येत नाही गं, आणि त्या भाषेवर तू पाटी लावलीस." आणि बोलता बोलता बाईनं शिडीवर चढून टाकीत बोट बुडवलं, चाटलं, थुंकली. "यात मीठ कुठंय? यात मी भात शिजवीन!"

मी यंत्र आपटलं. आत पाणी शिरून आकडा गोठला होता. नऊ दिवस मी एका मेलेल्या यंत्राचं कौतुक वहीत लिहीत होते. गेल्या पंधरवड्यातल्या वादळानंतर ओढ्याचं तोंड सरकून गोडं पाणी थेट समुद्रातून पाणी ओढणाऱ्या आमच्या पाइपाशी येत होतं, आणि ते कळण्यासाठी अख्ख्या गावाकडे जीभ होती, पण मी... मी फक्त एक पाटी लावली होती.

पुढचं काय सांगू? मनांग बाजारात गेल्या आणि ओरडल्या, तो आवाज माशांसाठी कमावलेला आहे, माशांच्याच कामी आला. तासाभरात सहा होड्या खडकांच्या पलीकडे, पिंपं भरून खारं पाणी, धक्क्यापासून आतपर्यंत माणसांची रांग, बादली या हातातून त्या हातात. "एकदम ओतू नका, हळूहळू, दोन दिवस लागतील," एवढं मात्र मी सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं, तेवढी तरी सहा वर्षं उपयोगी पडली. आणि हात चालू असताना तोंडं! तीन रविवारचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "बांगडा टणक आहे, भाजायला एक नंबर." "वाम मंदावली गं, रस्सा पातळ होईल, हिलाही खारं पाणी द्या." मी वही घेऊन मागे मागे, एकेका टाकीसमोर लिहून घेत. जगात इतकं चांगलं मत्स्यालय मी पाहिलेलं नाही, खरं सांगते, जिथे तिकीट काढून आलेला प्रत्येक माणूस माशांचा डॉक्टर असतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

सोमवारी दुपारी कपितान उठला. सावकाश आला, काचेशी थांबला, ओठ काढला, आणि संडास दाखवला. मनोंग इल्योंग तोंड फिरवून बादली पुसत बसले, कोरडी बादली. मनांगनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "काय शिकलेल्या बाई, कसा वाटतो?"

आता लक्षात घ्या, मी चार वर्षं मासा खाल्लेला नाही. तत्त्व म्हणून. मी कल्ले बघितले, लालभडक, डोळा बघितला, काचेसारखा, आणि माझ्या तोंडून निघालं, "बातवान घालूनच. पण आलं थोडं जास्त लागेल."

मनांगनी भुवया वर केल्या. आमच्यात त्याला 'हो' म्हणतात. एवढं मला अजून कळतं.

पाटी त्याच दिवशी उतरवली. फेकायला निघाले, तर मनांग म्हणाल्या, "फेकतेस काय, फळी चांगली आहे, मला दे." दिली. आता बाजारात त्या रोज तिच्यावर मासे कापतात, माझी निळी अक्षरं वर करून, आणि गिऱ्हाइकं ती वाचत वाचत कालवणाचं ठरवतात. पाटी अजून सगळी वाचता येते. 'कृपया' तेवढं सुरीनं गेलं.