वाचणाऱ्याला उठवायचं नाही

सन्माननीय अध्यक्षा कल्याणीदी, व्यासपीठावरचे मान्यवर, कॉलेज स्ट्रीटचे सगळे पुस्तकवाले, लेखक मंडळी आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे शिबूदा, सर्वांना नमस्कार.

शिबूदा आज दुकान मुलीच्या हाती सोपवताहेत. पण सोपवायला दुकान उरलं कसं? शिबूदा, मान हलवू नका. माइक माझ्याकडे आहे.

खूप वर्षांपूर्वी मी बर्धमानहून कोलकात्याला आले होते. माझा पहिला कवितासंग्रह या दुकानात ठेवलाय का, एवढंच गुपचूप बघायला. होता. दुकानातल्या बाकावर बसून तो उघडते तोच कोर्टाचे बेलिफ हालदारबाबू कुलूप घेऊन दारात. घरमालकाला त्या जागी चपलांचं दुकान हवं होतं. शिबूदांची मुलगी पारोमिता स्थगिती आणायला हायकोर्टात गेलेली. ती यायच्या आत कुलूप लागलं की सगळं संपलं.

"दुकान रिकामं करा," हालदारबाबू म्हणाले.

शिबूदांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी म्हणाले, "करतो. पण बाकावर वाचणाऱ्याला उठवायचं नाही, ही बाबांच्या वेळची रीत. यांचं होऊ द्या."

"रीत मला शिकवता? याच बाकावर फुकट वाचून परीक्षा दिल्यात मी." ते चरफडत स्टुलावर बसले. "दीदी, आटपा लवकर."

आटपून कसं चालेल? पुस्तक चिमुकलं, आणि पारोमिता येईपर्यंत ते पुरवायचं. स्वतःच्याच कविता इतका वेळ वाचायची शिक्षा वैऱ्यालाही होऊ नये. दुपार कलेपर्यंत त्यातली एकही मला आवडेना.

"पान उलटत नाही तुम्ही," हालदारबाबूंनी हटकलं.

"कविता आहे ती," शिबूदा म्हणाले. "एका वाचनात कळते होय?"

"मग लिहिलीच वाईट असेल."

मी पान उलटलं. शेवटचं पान आलं, तेही संपलं. हालदारबाबू उठले. मी पुन्हा पहिलं पान काढलं.

"हा काय पोरखेळ आहे?" त्यांनी कुलपाला किल्ली लावली. शिबूदांनी डोळे मिटले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घामाने निथळत आलेल्या पारोमिताला बोलताही येईना. तिने नुसता कागद पुढे केला.

हालदारबाबूंनी तो नीट वाचला, कुलूप पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "ते पुस्तक मला बांधून द्या. एवढं काय आहे त्यात, बघतो."

माझं विकलं गेलेलं ते पहिलं पुस्तक.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला.

आणि शिबूदा, मालकाने त्या बाकावर बसायचं नाही, हीसुद्धा बाबांचीच रीत. उभा जन्म तुम्ही उभे राहून काढलात. उद्यापासून तुम्ही गिऱ्हाईक. या, बसा, वाचा. तुम्हाला उठवायची कोणाची टाप नाही.