धाकट्या जावेचं म्हणणं

फ्लूची लस घ्यावी की घरी जावं, हे निवृत्त पोस्टमनचं दवाखान्याच्या बाकावर बसूनही ठरत नव्हतं. शेजारी दोन म्हाताऱ्या जावा बसल्या होत्या.

"सत्त्याहत्तर वर्षं सुईवाचून निघाली माझी. तू घे, मी बसते," थोरली म्हणाली.

"जाऊबाई, गेल्या वर्षी मला फ्लू झाला, तेव्हा माझं कोणी केलं?"

"मी केलं. त्याचं काय एवढं?"

"नऊ दिवस उचलून बसवत होतात मला. चमच्यानं भरवलंत. आईनंसुद्धा एवढं केलं नसतं."

"तू काडीसारखी. उचलायला काय लागतं?"

"तेच म्हणते. उद्या तुम्ही पडलात, तर माझ्याच्यानं उचलवेल का तुम्हाला?"

थोरली तिच्या बारीक मनगटांकडे बघत राहिली.

"लस घेऊनही फ्लू झाला तर?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झाला तरी बहुतेक हलक्यात निभावतं. तेवढं मला झेपेल, जाऊबाई. तेवढं तरी करू द्या."

"पुढचं कोण?" नर्सनं विचारलं.

थोरलीनं बाही वर केली. "डाव्या हाताला दे गं, पोरी. उजव्यानं हिची वेणी घालायची असते."

"त्यांच्यामागे मी," पोस्टमन म्हणाला. "आणि आमच्या मंडळींना आत्ता घेऊन आलो, तर चालेल का?"