सासू कुणाच्या वाट्याला?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज घसा बसलाय, मनही बसलंय. मी हळू बोलणार, तुम्हीच पुढे सरका! देवाचं नाव मनातल्या मनात घ्या, त्याला ऐकू येतं.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. नवरा-बायकोचा घटस्फोट झाला की सगळं वाटून होतं. फ्लॅट वाटला जातो, फ्रीज वाटला जातो — अहो, चमचेसुद्धा वाटले जातात! मग मला सांगा, सासू कुणाच्या वाट्याला येते?

हसलात! हसा, हसा. पुढच्या रांगेतल्या आजी मात्र हसल्या नाहीत, तेही पाहिलं मी.

लोक मला गाठतात. "बुवा, हल्लीची पोरं लग्नाशिवाय एकत्र राहतात. लग्न केलंच तर वर्षात कोर्टात! जरा सुनवा त्यांना." अहो, कुणाला सुनवू? ती पोरं कीर्तनाला येतात कुठे? त्यांच्या वाट्याचं तुम्हालाच ओरडत आलोय इतकी वर्षं! थकलो बाबा. आज ओरडणार नाही. आज द्वारकाबाईंची गोष्ट सांगतो.

द्वारकाबाई साबळे, साताऱ्याच्या. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा विक्रांत, सून ज्योत्स्ना. दोघांचं पटेना. भांडण म्हणावं तर तेही नाही — घरात बोलणंच संपलं! शेवटी वेगळं व्हायचं ठरलं. नातेवाइकांची बैठक बसली, तेव्हा ज्योत्स्नानं सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही तरी बोला."

आणि द्वारकाबाई काय बोलल्या? "बाईमाणसानंच जुळवून घ्यायचं असतं." झालं! ज्योत्स्नानं बॅग उचलली नि निघाली.

पुढे विक्रांतच्या घरी पल्लवी राहायला आली. लग्न नाही. आता तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या — पडू द्या. पोरगी वाईट नव्हती हो! "काकू, काकू" करायची, गुडघ्याला तेल आणून द्यायची. पण घर त्या दोघांचं. द्वारकाबाई आपल्या खोलीत, अंग चोरून. चहा करायचा तरी आधी विचारायच्या.

भाद्रपद लागला. गौरी दोन दिवसांवर आल्या, तेव्हा विक्रांत समोर येऊन बसला. चेहऱ्यावरूनच कळतं हो आईला!

"आई, आम्ही दोघं बंगळूरला चाललोय. कायमचे. तुझी सोय लावलीय — चांगली संस्था आहे, डॉक्टर आहे, बाग आहे."

"आणि गौरी?"

"या वर्षी राहू दे ना. डब्यात आहेत त्या."

आपल्याला बागेत ठेवणार आणि गौरींना डब्यात, एवढं त्या माउलीला कळलं. पल्लवी दारात उभी होती. ती म्हणाली, "काकू, मी बसवल्या असत्या. पण मला यातलं काही येत नाही. खोटं कशाला करू?" खरं बोलली बिचारी.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंचा फोन! या जाऊबाई प्रत्येक घरात असतात. तुमच्यातही आहेत, नावं घेत नाही! त्यांनी बजावलं, "गौर सवाष्णीनंच उंबऱ्यातून आत आणायची. दुसरं कुणी हात लावायचा नाही!"

आता काय करावं? द्वारकाबाई विधवा. ज्योत्स्ना घटस्फोट झालेली. पल्लवी बिनलग्नाची. तिघी बायका, नियमात बसणारी एकही नाही! मग गौरींनी काय रस्त्यावर बसायचं? आणि या सगळ्यात विक्रांतला कुणी विचारलं का, बाबा तू नियमात बसतोस का? नाही विचारलं. पेटीवाले, तुम्ही मान डोलवू नका, तुम्हालाही कुणी विचारत नाही!

असो. गौरी यायच्या दिवशी, दुपार कलल्यावर, द्वारकाबाई उठल्या. पितळी मुखवट्यांचा डबा काखेत घेतला. ज्योत्स्नाकडे मुखवटे द्यायचे नि परत यायचं, असं मनाशी म्हणाल्या. पण दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. त्यात दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, जपमाळ. मुखवटे द्यायला जाताना लुगडी कशाला? ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

ज्योत्स्ना दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. जिना चढताना द्वारकाबाई दोनदा बसल्या. गुडघ्यांपेक्षा भीती मोठी होती. त्या पोरीनं दार लावून घेतलं तर? आणि लावलं तर चुकलं कुठं तिचं? ती "बोला" म्हणाली, तेव्हा आपण काय बोललो!

दार उघडलं. कामावरून नुकतीच आलेली, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

"आई? तुम्ही?"

"गौरी आणल्यात. तू बसव."

"मी? मी आता त्या घरची कोण?"

द्वारकाबाईंनी डबा उंबऱ्याशी टेकवला. "त्या दिवशी मी चुकले, ज्योत्स्ना. तुझी बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. "नाही घेतलीत." मंडळी, तिनं "जाऊ द्या हो" म्हटलं नाही! का म्हणावं? लागलं होतं तिला, खोल लागलं होतं.

मग तिची नजर पिशवीकडे गेली. पिशवीतून लुगड्याचा काठ डोकावत होता. ती बघत राहिली. "गौरी तीन दिवस राहतात, आई. तुम्ही?"

द्वारकाबाईंनी पिशवी पदराआड ओढली.

ज्योत्स्ना आत गेली. दार उघडंच. आता ही येते की येत नाही? म्हाताऱ्या बाईनं डबा छातीशी धरला, जिन्याकडे वळलीसुद्धा! आणि आतून ताटावर चमचा वाजला, गौर घरात घेताना वाजवतात तसा. ज्योत्स्ना बाहेर आली, हातात तांब्या. खाली वाकली, सासूच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग आपल्या घराच्या आत जाऊन उभी राहिली आणि दरवर्षी गौरीला विचारतात तो प्रश्न विचारला.

"कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. जन्मभर तेच म्हणत आलेली ती बाई. ओठ हलले, पण खोटं बोलवेना.

"थकल्या पावलांनी आली गं, पोरी."

ज्योत्स्नाचे डोळे भरले. "मीही थकलेय, आई," ती म्हणाली. "या. आधी बसा."

मंडळी, माझंही एवढंच. लग्नं टिकतील, मोडतील, पोरं लग्नाशिवायही राहतील. माझ्या ओरडण्यानं त्यातलं काही थांबलं नाही. पण आता घरी जाल, तर एक करा. तुमच्या घरात कुणीतरी चहा करायचा तरी आधी विचारत असेल. आई असेल, सासू असेल, माहेरी परत आलेली लेक असेल. तिची पिशवी कुठं ठेवलीय, तेवढं बघा. भरलेली असेल, तर तिच्या हातातून काढून घ्या आणि लुगडी तुमच्या कपाटात ठेवा.