सतराव्या सोमवारच्या आधी

— नाही साहेब, लपवलं नाही, घडी घालून ठेवलंय नुसतं. हे बघा, सासऱ्यांच्या वेळचं मृगाजिन — काळवीट आपोआप मेलं होतं म्हणत, खरंखोटं शंकराला ठाऊक. शेजारच्यांनीच कळवलं ना तुमच्या जंगलखात्यात? कळवू देत. पण चैत्रापासून सोळा सोमवार मी याच्यावर बसून केलेत, परवा उद्यापन, तेवढं होऊ द्या — आमचे हे दवाखान्यात आहेत, तीन दिवस पोटात काही ठरत नाही. मंगळवारी मी स्वतः आणून देईन. काळवीट कमी झालेत, कळतं हो मला. पण माझा भाऊ भटू शिरपूरकडे असतो, तो सांगतो, हरणांचा कळप अजून कधीमधी दिसतो, तणमोर मात्र दोन पावसाळ्यांत हा एकच —

हा म्हणजे... पाणी घ्या ना साहेब.

सांगते. बसा. उद्यापनाला एक कोंडलेला जीव सोडीन, असं बोलले होते मी — हे बरे व्हावेत म्हणून. भटूला म्हटलं, बाजारातून पोपट आण. तो हौशी, गवतात फासे लावून हा तणमोरच घेऊन आला, ‘ताई, पोपट काय कुणीही सोडतं.’ सोडण्यासाठी मोकळं पाखरू धरायचं — मला तेव्हा पुण्यच वाटलं बघा. तुमच्या गुजरातीत खडमोर म्हणतात ना? काळाभोर, डोक्यामागे बारीक तुरे. गवतातून उंच उडी घेतो म्हणे. इथे मोरीजवळ टोपलीखाली बसलाय. भिजवलेली डाळ ठेवली, शिवत नाही. काल यांना पेज भरवली, तीही ओठावरून तशीच ओघळली... दवाखान्यातून घरी आले की आधी टोपली उचलून बघते, मग देवापुढे दिवा.

हे कातडं चाळीस वर्षं घडीत राहिलं, अजून चाळीस राहील. त्याला कसली घाई नाही. ह्या पाखराला आहे. परवापर्यंत नाही जगायचा हा. आणि आधी सोडला तर व्रत मोडलं — सोळा सोमवार मिठाचा कण तोंडात घातला नाही हो मी.

न्या. दोन्ही न्या, पण आधी हा. भटूचं नाव लिहू नका, माझं लिहा. टोपलीवर ओलं फडकं राहू द्या, शहराबाहेर, चलथाणच्या पुढे कुठे गवत असेल तिथे सोडा. उडाला तर निरोप पाठवा. नाही उडाला तर नको. जा आता — नाहीतर मी परत मागेन.