ऑक्टोपसला दुखतं म्हणे!

...नाही, पण मी म्हणतो, दुखतं तर दुखतं! चाळीस वर्षं मी केरकेना बेटाच्या उथळ पाण्यात वाकून ऑक्टोपस धरायची मडकी उचलतोय, माझी कंबर दुखते का, विचारलंय कुणी? आं?

तुम्हाला सांगतो, आमची उल्फा, पोरगी माझी, तिकडे स्फाक्स शहरात समुद्रातल्या प्राण्यांचं शिकते, वर्षानं घरी आली. मी हौसेनं ऑक्टोपस धरला, डोळ्यांच्या मधोमध कचकन चावा घेतला... बापजाद्यांची रीत, एका चाव्यात खलास!... आणि खडकावर आपटायला लागलो. चाळीसदा आपटल्याशिवाय मऊ होतोय का तो? सोळा, सतरा... तर ही धावत! "बाबा, थांबा! त्याला दुखतंय!" अगं, मेलाय तो! "पण त्याचा निम्माअधिक मेंदू हातांत असतो!" हातांत! अहो, इथं माणसांना डोक्यातला धड चालवता येत नाही!

बरं, शास्त्रज्ञांचं तरी एकमत आहे? तर म्हणे, "माशांना दुखतं का, यावर अजून भांडताहेत, बाबा, पण ऑक्टोपसचं बहुतेकांना पटलंय." बहुतेकांना! म्हणजे एखादा शहाणा उरलाय ना? त्याला बोलाव जेवायला! आणि माझ्या कमरेचं कधी पटायचं त्यांना?

जेवायला बसलो. बायकोनं ऑक्टोपस घालून रव्याचं कुसकुस वाढलं, आणि ही आपली नुसता पाव हरिसाच्या तिखट चटणीत बुडवून खातेय. वर्षानं आलेली लेक हो! मीही ताट बाजूला सारलं. पण माघार? मी? दुसऱ्या दिवशी मुद्दाम, अगदी मुद्दाम होडी काढली! मडकं उचललं, कंबर कळवळली, विचारलं कुणी? आत हा भला थोरला! तोंडाजवळ आणला, तर त्यानं माझ्या मनगटाला हात गुंडाळला... घट्ट. आता सगळेच गुंडाळतात! चाळीस वर्षं गुंडाळताहेत! मग आजच मेलं मला का कळावं?

सोडला. हो, सोडला! हसा! पण त्या शास्त्रज्ञांचं ऐकून नाही हं, माझ्या मर्जीनं सोडला!

बायकोला सांगितलं, मडकी रिकामी. "अहो, ऐन हंगामात? आणि तुमची?" अख्ख्या बेटावर माझ्यासारखा ऑक्टोपसवाला नाही, आणि हे ऐकून घेतलं. मग तिनं भोपळा-चण्याचं कुसकुस केलं. पोरीनं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाली, "बाबा, आता माशांचं बोलूया."

म्हटलं, बोल बाई, बोल... पण आधी आणखी थोडं वाढून घे.