भिंतीला हात

बालसमुपदेशकांच्या दाराबाहेर नंबरची वाट बघणाऱ्या बाईच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“आठ दिवस पोरीने एकही ताट भिरकावलं नाही. यात काहीतरी काळंबेरं आहे.”

“अहो, चांगलंच झालं ना?”

“गुंगीचं औषध देत असणार. आजपासून बंद.”

“औषध कसलं! राग आला, भीती वाटली, की भिंतीला दोन्ही हात लावून जोर लावायचा, एवढंच शिकवलंय.”

“मग काल उगाच का भिंत ढकलत होती? कोणी बोललं होतं तिला?”

“तिला नाही. तुम्ही फोनवर कडाडत होतात.”

“म्हणजे खापर माझ्यावर? बंद म्हणजे बंद!”

तेवढ्यात दार उघडलं. पोरगी बाहेर आली, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप जाऊन तिने भिंतीला दोन्ही हात लावले.